तिकिटावरची खुर्ची कुणाची?

ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर असो नाहीतर डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, आपल्याकडचा मुरलेला प्रेक्षक तिकीट काढताना आधी ‘प्लॅन’ बघतो. तिकीटबारीवरचा तो छापील कागद, त्यावर खुर्च्यांचे चौकोन आणि विकलेल्या खुर्च्यांवर मारलेल्या फुल्या. मग बारीतून संवाद सुरू होतो: “मधल्या द्या”, “एसीच्या झोताखालची नको”, “कडेची द्या हो, आईंना मध्येच उठावं लागतं.” आता तोच प्लॅन मोबाइलवर आलाय. आपण चौकोनावर बोट टेकवतो, पैसे भरतो आणि रांगेचं अक्षर, खुर्चीचा नंबर लिहिलेलं तिकीट हातात येतं. म्हणजे आपण नुसता कार्यक्रम विकत घेत नाही, त्या सभागृहातली ठरावीक जागा ठरावीक वेळेपुरती विकत घेतो. सी रांगेचा दर आणि बाल्कनीचा दर वेगळा असतो तो याचसाठी.

हे लिहायचं कारण म्हणजे अशी जागा परस्पर बदलल्याचा अनुभव आम्हाला आला. आपल्याच भागातल्या एका संगीत कार्यक्रमाची चार तिकिटं मी तीन आठवडे आधी काढली होती. सी रांग, उजवी कड. कड निवडली कारण आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि उजव्या कानाला यंत्र आहे. उजवीकडे बसलं की तिचा चांगला कान स्टेजकडे राहतो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता मेसेज आला: ‘तांत्रिक कारणामुळे आपली आसने बदलण्यात आली आहेत.’ चारही खुर्च्या बाल्कनीत, त्याही दोन-दोन अशा वेगळ्या रांगांत. दारावर विचारलं तर तिकीट विकणारी कंपनी म्हणे आयोजकांना विचारा, आयोजक म्हणे कंपनीला विचारा. आमच्या मूळ खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. आई जिना चढली, प्रत्येक पायरीवर थांबत. वर पोचल्यावर म्हणाली, “जाऊ दे गं, गाणं ऐकायला आलोय ना.”

हे ‘जाऊ दे’ आपल्या अंगात फार मुरलंय. सभ्य माणसाने शंभर-दोनशे रुपयांसाठी भांडू नये, असं आपण मुलांनाही न बोलता शिकवतो. मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हा प्रसंग पत्रलेखनासाठी घेतला, तर एका मुलाने लगेच विचारलं, “पण मॅडम, कार्यक्रम तर बघायला मिळाला. मग नुकसान काय?” प्रश्न अगदी वकिली होता! मी त्याला म्हटलं, तुझे बाबा फर्स्ट क्लासचा पास काढून रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जातात. एक दिवस त्यांना सेकंडच्या डब्यात चढवलं आणि सांगितलं, पोचलात ना वेळेवर? मग? वर्ग हसला, पण मुद्दा पोचला.

रेल्वे आणि विमानाच्या बाबतीत हा मुद्दा नियमांतच मान्य केलेला आहे. लांबच्या गाडीत आरक्षण असलेल्या वर्गाऐवजी खालच्या वर्गात प्रवास करावा लागला, तर टीसीच्या प्रमाणपत्राच्या आधारे भाड्यातला फरक परत मिळतो. विमानात प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासासाठी करांसह तिकिटाची ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नाटक-गाण्याच्या खुर्चीसाठी इतका नेमका आकडा सांगणारा नियम नाही, म्हणून विक्रेते निर्धास्त असतात. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा चर्चा झाली ती तिकिटांच्या काळ्या बाजाराची. पैसे घेऊन जागा बदलणं हा विषय त्या गदारोळात कुणी फारसा काढला नाही.

पण वेगळा नियम नाही म्हणजे हक्क नाही, असं मुळीच नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या बरीच व्यापक आहे. करारात कबूल केलेल्या सेवेचा दर्जा, स्वरूप किंवा देण्याची पद्धत यांत उणेपणा राहिला, तर ती त्रुटी. महत्त्वाची माहिती ग्राहकापासून मुद्दाम दडवणं हीदेखील त्रुटी. सी रांग कबूल करून बाल्कनी देणं यात बसत नसेल तर काय बसेल? शिवाय ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही, तर विक्रेत्याला पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा.

कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं: ‘आसनबदलाचा अधिकार आमच्याकडे राखीव आहे, ही अट तुम्ही मान्य केली आहे.’ इथे आपण सगळे गप्प होतो, कारण त्या बारीक अक्षरातल्या अटी कुणी वाचलेल्या नसतात. पण ठाण्या-डोंबिवलीत फ्लॅट घेतलेल्यांना एकतर्फी करार चांगला ठाऊक आहे. बिल्डरच्या अशाच एकतर्फी करारावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात सांगितलं, की ग्राहकापुढे सही करण्यावाचून पर्यायच नसेल तर अशा अटी त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत, आणि अशी कलमं करारात घालणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते प्रकरण घराचं होतं हे खरं, पण तत्त्व तिकिटालाही लावून बघण्यासारखं आहे. अट असली म्हणून कुठलाही बदल चालतो असं नाही. आग लागली, छत गळलं म्हणून खुर्ची हलवणं वेगळं आणि प्रायोजकाच्या पाहुण्यांसाठी हलवणं वेगळं. म्हणून ‘तांत्रिक कारण’ या शब्दांवर समाधान मानू नये, कारण लेखी मागावं.

वर्गात आम्ही पत्राचा मसुदा मिळून केला. मुलांनी पहिल्या फटक्यात ‘आपण आमचा घोर अपमान केला आहे’ असं लिहिलं होतं, ते काढलं. त्याजागी बुकिंगचा क्रमांक, पैसे भरल्याची तारीख, घेतलेल्या आणि मिळालेल्या खुर्च्यांचे नंबर, दोन्हींचे दर आणि ‘या बदलाला आमची संमती घेतली नव्हती’ हे एक वाक्य. मागणी तीन गोष्टींची: दरातला फरक, बुकिंगवर घेतलेलं सेवाशुल्क आणि बदलाचं लेखी कारण. सेवाशुल्काचा मुद्दा एका मुलीने काढला, मला तो फार आवडला. सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर असं शुल्क घ्यायला राज्य सरकारने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली. म्हणजे शुल्क घेता येतं. पण घरबसल्या खुर्ची निवडायच्या सोयीचे पैसे घेतलेत आणि ती निवडच पुसून टाकलीत, तर ते पैसे कशाचे?

मेसेज आला त्याच क्षणी मी मूळ तिकिटाचा आणि मोबाइलवरच्या प्लॅनचा स्क्रीनशॉट घेतला होता, त्याचा उपयोग झाला. दारावरच्या माणसाकडून तिकिटाच्या मागे ‘सी रांगेऐवजी बाल्कनी दिली’ एवढं लिहून सहीही घेतली होती. तो आधी कुरकुरला, मग दिली. रेल्वेत टीसीच्या कागदाचं जे काम, तेच इथे या ओळीचं. कार्यक्रम बघून आल्यावर हक्क संपतो असा गैरसमज आहे. आपली हरकत नोंदवून बसलं म्हणजे संमती दिली असं होत नाही.

पत्रानेही काम झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि पाठपुरावा करते. ठाण्या-डोंबिवलीतल्या ज्या घरांत मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघाचं वाणसामान येतं, त्यांना पंचायतीचं तक्रार मार्गदर्शनही ठाऊक असेल. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपल्याला सगळ्यांत सोयीचा बदल इथे झालाय. कंपनीचं कार्यालय कुठल्याही शहरात असो, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात, म्हणजे ठाण्यात, तक्रार दाखल करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. तारखा पडतात, वेळ जातो, हेही पालकांना सांगितलं पाहिजे. तक्रारीत कंपनी आणि आयोजक दोघांनाही पक्षकार करावं, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ आयोगासमोर खेळू देत.

आमच्या पत्राला पोच दुसऱ्याच दिवशी आली. आठवड्याने तीन महिन्यांत वापरायचं एक कूपन देऊ केलं. मी ते नाकारलं आणि पैसे पैशांतच हवेत असं कळवलं. एकोणिसाव्या दिवशी दरातला फरक आणि सेवाशुल्क खात्यात जमा झालं. लेखी कारण मात्र आजतागायत आलेलं नाही आणि आईला चढाव्या लागलेल्या जिन्याबद्दल पत्रात एक अक्षरही नाही. त्या भरपाईसाठी आयोगात जावं, असं माझं मत. “एवढ्यासाठी कशाला गं?” हे आईचं. तिच्या नातवाने मात्र ई-जागृतीवर खातं उघडून ठेवलंय.