कच्च्या दुधाची राखण कोणाच्या पैशाने?

कोल्हापुरात गंगावेशीला आणि मिरजकर तिकटीला दूध कट्टे आहेत. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतले पैलवान, घरी निघालेले नोकरदार, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा उभ्याउभ्या तो रिकामा करतात. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिलेल्या या शहरात धारोष्ण दूध म्हणजे ताकदीचा खुराक. म्हैस समोर, पेला समोर. पाणी मिसळायला मधे जागाच नाही.

मी पशुवैद्यक आहे. जनावरांकडून माणसांकडे येणारे आजार हा माझा अभ्यासाचा विषय. त्यामुळे या पेल्याची तुलना मी नेहमी पहाटेच्या रतिबाच्या दुधाशी करतो. रतिबाच्या कॅनमध्ये पाणी असू शकतं, पण ते दूध घरात आलं की गॅसवर चढतं आणि उकळीत त्यातले रोगजंतू मरतात. कट्ट्यावरचं दूध भेसळीपासून जवळजवळ मुक्त, पण म्हशीच्या अंगात रोग असेल तर तो थेट पेल्यात उतरतो. धोके वेगळे, उपायही वेगळे. तपासणीची यंत्रणा मात्र दोन्हींना ‘सुटं दूध’ म्हणून एकाच मापाने मोजते. सरकारी पैसा वाया जायला इथून सुरुवात होते.

ही यंत्रणा कशी चालते ते पाहू. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 चा. तो लागू झाला 5 ऑगस्ट 2011 रोजी. त्या वर्षीच्या नियमावलीने दिवसाला 500 लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला वर्षाला 100 रुपयांत नोंदणी दिली. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला तीही लागत नाही. या 100 रुपयांपुढे खर्चाची बाजू मांडा. अन्नसुरक्षा अधिकारी, त्याची गाडी, साक्षीदार, चार भागांत विभागून सीलबंद केलेला नमुना, 14 दिवसांत अहवाल देणारा विश्लेषक, अपील झालं तर दुसरी प्रयोगशाळा, पुढे सुनावणी. हा भार करदाता उचलतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुरक्षित अन्न हे सरकारचंच काम आहे. मात्र या खर्चातून हाती काय पडतं, हे विचारायलाच हवं.

प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूध नासू नये म्हणून कायदेशीर नमुन्यात फॉर्मेलिन घालतात. फॉर्मेलिन जंतूंना मारतं. त्यामुळे तो नमुना स्निग्धांश, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक), स्टार्च, साखर यांबद्दल साक्ष देतो. रोगजंतूंबद्दल मुका राहतो. जंतू शोधायचे तर निर्जंतुक बाटली, बर्फ आणि तातडीने गाठायची वेगळी प्रयोगशाळा लागते. त्यातही ब्रुसेलासारखा जंतू वाढवून ओळखायला अनेक दिवस जातात. अहवाल हाती येतो तेव्हा ते दूध कधीच पिऊन झालेलं असतं. नेहमीच्या चाचणीत कट्ट्यावरची आजारी म्हैसही उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल, कारण तिच्या दुधात फॅट भरपूर असतं.

याच ब्रुसेलामुळे होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्ये म्हैस किंवा गाय गाभडते, जार अडकतो. तो उघड्या हातांनी काढणाऱ्या मालकाला लागण होते, आणि जंतू दुधातूनही बाहेर पडतो. माणसाला चढउताराचा ताप, घाम, सांधेदुखी आणि थकवा येतो. टायफॉइड समजून उपचार होत राहतात. नेमकं निदान झाल्यावर सहसा दोन प्रतिजैविकं मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात. त्या काळात बुडालेली मजुरी आणि औषधांचा खर्च दूध नियमनाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही, पण तोही समाजच भरतो.

मग कच्चं दूध पिण्यावर बंदीच का घालू नये? माल्टाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना होणाऱ्या याच तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांच्या कामातून कळलं. छावणीत शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. बेटावरच्या सामान्य लोकांत मात्र तो पुढे कित्येक वर्षं राहिला. छावणीला दुसरं दूध पुरवता आलं. दारात येणाऱ्या शेळीवर ज्यांचं घर चालत होतं त्यांना पर्याय नव्हता. बंदी तिथेच स्वस्त पडते जिथे पर्याय आधीच उभा असतो. स्कॉटलंडने 1983 मध्ये कच्च्या दुधाची विक्री बंद केली. शेजारच्या इंग्लंडमध्ये शेतकरी ते आजही थेट ग्राहकाला विकू शकतो, मात्र बाटलीवर धोक्याची सूचना हवी. त्या देशांत दूध घरी उकळण्याची सवय नाही. आपल्याकडे राखणीचा मोठा वाटा घरचा गॅस आणि दुधावर लक्ष ठेवणारं माणूस विनामूल्य उचलतं.

म्हणून सरकारी पैसा उकळीने न जाणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च व्हावा. 2018 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात कच्च्या आणि प्रक्रिया केलेल्या दुधाचे 6,432 नमुने तपासले गेले. आरोग्याला घातक भेसळ सापडली 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेपेक्षा जास्त होतं 368 नमुन्यांत, आणि प्रतिजैविकांचे अंश 77 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्यातून येतं. उकळून ते जात नाही. प्रतिजैविकं येतात ती कासदाहाच्या, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘दगडी’च्या, उपचारानंतर ठरलेले दिवस दूध बाजूला न काढल्याने. हे दोन्ही दोष गोठ्यात जन्मतात आणि गोठ्यातच स्वस्तात रोखता येतात: कोरडी साठवण, पेंडीच्या कारखान्याची तपासणी, औषधाच्या चिठ्ठीवर दूध किती दिवस टाकायचं याची स्पष्ट नोंद.

ब्रुसेलोसिसचंही तसंच. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या पारड्या आणि कालवडींना आयुष्यात एकदाच लस द्यायची असते. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. ज्या म्हशीचं दूध लोक न उकळता पितात, तिची ठरावीक काळाने रक्ततपासणी व्हावी आणि बिल्ल्याचा क्रमांक व तपासणीची तारीख कट्ट्यावर फलकावर लागावी, असं मला वाटतं. रोझ बेंगॉल चाचणीला रक्तजलाचा एक थेंब पुरतो आणि निकाल काही मिनिटांत मिळतो. शंका आली तर पुढची पक्की चाचणी करता येते.

अडचण चाचणीनंतर सुरू होते. म्हैस बाधित निघाली की मालकाचं रोजचं उत्पन्न थांबतं. भरपाई नसेल तर तो चाचणीच टाळेल किंवा म्हैस पुढच्या बाजारात विकेल, आणि रोग दुसऱ्या गोठ्यात पोहोचेल. म्हणून कच्च्या दुधाच्या नियमनातला पहिला रुपया मालकाच्या भरपाईसाठी राखून ठेवावा. नमुन्यांवर आणि खटल्यांवर होणारा खर्च त्यानंतरचा. अन्न व औषध प्रशासन आणि पशुसंवर्धन विभाग यांनी एकत्र बसून हा क्रम ठरवला, तर रोग लपवण्यापेक्षा सांगणं मालकाच्या फायद्याचं होईल, आणि करदात्याच्या पैशाने खरोखर कोणाचा तरी ताप टळेल.