दातांचा हिशेब

आमच्या चिकोडीच्या घरामागील गोठ्यात आता गुरांच्या जागी आप्पांची जीप असते. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली; त्याच वंशातली ही सीजे-३बी. काळ्या रानातल्या चिखलात राबून तिचा पुढचा एक्सल मोडला, तेव्हा आम्ही दोघा भावांनी भंगारबाजारातून महायुद्धकाळातल्या लष्करी जीपचा एक्सल आणून गोठ्यातच बसवला. चिखलात ती सुरेख चालली. घट्ट मुरमावर आली, की चारही चाकांच्या जोरात वीस पावलांतच आवळून धरल्यासारखी होई. एकदा तर ट्रान्सफर केसचा दांडाच सुटेना. चाक जॅकवर उचलताच ते फटकन फिरले. धाकट्याचा हात थोडक्यात वाचला.

दृष्टी गेलेले आप्पा खाटेवरून एवढेच म्हणाले, “दात मोजलात का रे?”

मोजले नव्हते. (आम्हां दोघांच्या अभियांत्रिकीच्या पदव्या भिंतीवर आहेत.) दोन्ही चाके एक फेरा फिरवून शाफ्टावरची खडूची खूण पाहिली. मागे पाच फेऱ्या आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक, म्हणजे ८ ला ४३. पुढे पाचही पुऱ्या नाहीत. ८ ला ३९. दोन्ही शाफ्ट मात्र एकाच गतीने बांधलेले. चिखलात चाके घसरून हा फरक निभावतात; मुरमावर घसरायला जागा नसते.

योग्य क्राउन-पिनियन पुढे महिन्याभराने मिळाले. आप्पांनी ते मांडीवर घेतले आणि बोटांनी मोजले, कानडीत. हे काम ते कानडी मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेले. एंटु. मग नलवत्तमूरु. पुन्हा एकदा मोजले, आणि मगच आमच्या हाती दिले.