उजेडाची फूटपट्टी

ग्रहमाला शिकवताना लघुग्रहांची बोळवण आम्ही मास्तर लोक एका वाक्यात करतो : मंगळ व गुरू यांच्या मध्ये असंख्य लहानमोठे खडक फिरतात. परंतु त्यांतले लहान कोणते आणि मोठे कोणते, हे ठरविताना भल्याभल्यांची कशी तारांबळ उडाली, ती हकीकत मला मोठी मौजेची वाटते.

१८०१ सालच्या पहिल्याच रात्री पालेर्मोच्या पिआत्सी नावाच्या पाद्र्याला सिरीस सापडला. दुर्बिणीतूनही तो ताऱ्यासारखा ठिपकाच दिसे. ठिपक्याचे माप घ्यावे कसे? हर्शेलने १८०२ साली त्याचा व्यास अवघा २६० किलोमीटर ठरविला. त्याच काळातल्या जर्मनीच्या श्रोटरने तो २,६०० च्या घरात नेऊन बसविला! खरा व्यास आहे सुमारे ९४०.

माप जमेना, तेव्हा तेजावरून अंदाज बांधणे आले. आणि तेज तर मोठे फसवे! जुनो अंगावर पडलेल्या उन्हापैकी शेकडा वीसाहून अधिक परत फेकतो. त्याचे नाव १८०४ सालीच, तिसऱ्या क्रमांकाने, हजेरीपटावर लागले. हायजिया परत देतो जेमतेम शेकडा सात. शिवाय तो राहतो लांब. त्याचा नंबर लागला दहावा, १८४९ साली. वास्तविक जुनोचा व्यास सुमारे २५०, तर हायजियाचा ४३० किलोमीटर. मोठेपणात हायजिया चौथा!

हा अन्याय दूर झाला तो उबेमुळे. काळा खडक ऊन परत देत नाही, ते अंगात मुरवतो, तापतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी ती उष्णता सोडत राहतो. १९७० च्या सुमारास ज्योतिषी तेजाबरोबर ही ऊबही मोजू लागले. १९८३ साली ‘आयरास’ उपग्रहाने तेच काम आकाशातून केले. पुढे २०१५ साली ‘डॉन’ यान थेट सिरीसपाशी जाऊन त्याच्याभोवती फिरू लागले.

आमच्या वर्गातही पहिल्या बाकावर जुनो असतात आणि शेवटच्या बाकावर हायजिया. विचारलेले चटकन परत देणाऱ्याची हुशारी सर्वांना दिसते. ऐकलेले आत मुरवत गप्प बसणारा मात्र ‘मठ्ठ’ ठरतो. परीक्षा ही उजेडाचीच फूटपट्टी. ऊब मोजण्याचे यंत्र कोणत्याही शाळेत नाही. त्यासाठी मास्तराने खुर्ची सोडून शेवटच्या बाकापाशी जावे लागते. अंतर फार नसते. चाळीस कोटी किलोमीटर तर नक्कीच नसते.