अण्णांची छाटणी

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरी माझ्या शब्दाला उगाचच मान आहे. "तुला कळतंय बाबा," म्हणून अण्णा गप्प बसतात. आणि खरे सांगू? आपल्याला सारे कळते असे मलाही वाटू लागले होते.

अण्णा द्राक्षबागांत छाटणीच्या कामाला जातात. आमची मांजरी २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. जिकडेतिकडे इमारती उठल्या. तरी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अजून इथेच आहे, आणि अण्णांच्या हातची कात्रीही सुटलेली नाही. त्या कात्रीच्याच कमाईतून त्यांनी मला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला. विंडोज त्यावर फार रखडे. म्हणून मी लिनक्स घातले. ते फुकट मिळते. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने ते सुरू केले तेव्हा तो हेलसिंकीत शिकणारा विद्यार्थीच होता, याचे मला फार अप्रूप!

अभ्यास होऊ लागला. पण साठवलेल्या पैशांतून घेतलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळही त्यावर आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने रचलेला हा खेळ २०१६ साली निघाला. एका रात्री अण्णा मागे येऊन उभे राहिले. मी चपापलो. पण ते पडद्याकडेच बघत होते.

"ही द्राक्षं कवा लावलीस?"

"दहा दिवस झाले. या खेळात ती शरदातच येतात."

अण्णा हसले. "एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग फेब्रुवारी-मार्चात माल. तुझ्या कंपूटरला एवढंबी ठावं न्हाई?"

ते मनाला लागले. खेळात हवा तो बदल घडवणाऱ्या जोडणीला मॉड म्हणतात. मॉड चालण्यासाठी 'स्मॅपी' लागते. ते टर्मिनलमधून बसवले. मॉड सांभाळायला 'स्टारड्रॉप' उतरवले, टिचकी मारली, तर काहीच होईना! लिनक्समध्ये उतरवलेली फाईल आपोआप चालत नाही. चालण्याची परवानगी तिला आपण द्यावी लागते. एका ओळीची आज्ञा, पण ती सापडायला दोन रात्री गेल्या.

मग 'कंटेंट पॅचर' घेतले. त्याची खुबी अशी, की खेळाच्या मूळ फायलींना हात लागत नाही. बदल वेगळ्या फाईलमध्ये लिहायचा. नको झाला तर स्टारड्रॉपमधली खूण काढायची, खेळ पूर्ववत! मी 'शरद' खोडून 'हिवाळा' आणि 'वसंत' लिहिले, वाढीचे दिवसही वाढवले. पहिल्या खेपेस लाल अक्षरांत चूक आली. एक स्वल्पविराम राहिला होता.

अखेर हिवाळ्यात वेल मांडवावर चढला. "अण्णा, बघा!"

त्यांनी निरखून पाहिले. "ब्येस. पण छाटणी कुठाय?"

खेळात द्राक्षाला छाटणीच नाही. ती आणायची तर नुसती फाईल बदलून भागत नाही, प्रोग्रॅमच लिहावा लागतो. "ते मला येत नाही, अण्णा," मी म्हणालो. हे वाक्य मी घरात कितीतरी दिवसांनी उच्चारले असेन.

"मग शिक की," अण्णा शेजारी बसत म्हणाले, "छाटणीचं मी सांगतो."

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आता काडीला डोळे किती ठेवायचे ते त्यांच्याच शब्दांत लिहिलेले आहे.