मुलगी घरी आली का?

२५ ऑगस्ट २००७ चा तो शनिवार. आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींना कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी आणि काचीगुडा हा सारा परिसर घरच्या अंगणासारखा. माझी कन्या त्या वेळी कोठीच्या महिला महाविद्यालयात शिकत होती आणि शनिवारी सायंकाळी मैत्रिणींसह ‘गोकुळ चाट’वर जाणे हा तिचा जवळजवळ नेमच होता. त्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास लुंबिनी उद्यानात आणि त्यानंतर काही मिनिटांतच गोकुळ चाटपाशी स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. लुंबिनी उद्यानात मृत्यू पावलेल्यांत संगमनेरहून शैक्षणिक सहलीसाठी आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही होते.

कन्येचा भ्रमणध्वनी लागत नव्हता. पत्नी देवापाशी बसली होती आणि मी दाराशी उभा होतो. तेवढ्यात घरचा दूरध्वनी वाजला. आमच्या कचेरीतील अधीक्षक बोलत होते. वयाने माझ्याहून मोठे. सारी कचेरी त्यांना ‘चाचा’ म्हणत असे. त्यांनी एवढेच विचारले, “साब, बच्ची घरकू आ गई क्या?”

नाही म्हणताच ते म्हणाले, “मैं निकलतूं.” पण ते पोहोचण्यापूर्वीच, साडेनऊच्या सुमारास, कन्या चालत घरी आली. त्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर बडी चावडीला मावशीकडे गेली होती, म्हणून वाचली. चाचा आले, तिला पाहिले, डोक्यावर हात ठेवला आणि पाणीही न घेता परतले. जुन्या शहरात घरी त्यांची वाट पाहणारे होतेच.

त्यांचा तो प्रश्न ऐकून मला जे वाटले त्यास केवळ कृतज्ञता म्हणता येणार नाही. मला लाज वाटली. तिचे कारण तीन महिन्यांपूर्वीचे होते.

१८ मे २००७ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, मक्का मशिदीत स्फोट झाला. नऊ जण त्यात गेले आणि नंतरच्या पोलीस गोळीबारात आणखी काहींचा बळी गेला. पुढच्या काही आठवड्यांत शहरात अनेक मुस्लिम तरुणांची धरपकड झाली. त्यांत चाचांचा पुतण्या होता. तो विजेची कामे करी. आमच्या घरचे सारे वायरिंग त्यानेच केले होते. चाचा माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, “साब, एक बार मेरे साथ चलो. इत्ताच बोलना है, के लड़के को जानते.”

मी राजपत्रित अधिकारी होतो. मनात नियम आले, गोपनीय अहवाल आला, बढती आली. “वरिष्ठांना विचारून सांगतो,” असे म्हणालो आणि विचारलेच नाही. नऊ दिवसांनी मुलगा परत आला. कसलाही आरोप ठेवला गेला नव्हता. चाचांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फाइली पूर्वीसारख्याच वेळेवर येत राहिल्या. दुपारचा चहा मात्र ते माझ्या खोलीत घेईनासे झाले.

सेवेच्या काळात मी अनेक शांतता समित्यांचा अध्यक्ष होतो. गणेशोत्सव किंवा मोहरम जवळ आला की बैठक बोलवायची, तीच चार प्रतिष्ठित माणसे, तोच चहा, तेच इतिवृत्त. सणाच्या आदल्या दिवशी आठवण झालेल्या शेजाऱ्याला आपली आठवण का झाली हे चांगलेच कळते. या संदर्भात भिवंडीचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९७० आणि १९८४ मध्ये त्या गावाने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ च्या सुमारास तेथे पोलीस उपायुक्त असलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागातला पोलीस शिपाई एकत्र बसू लागले, तेही शांततेच्या काळात आणि रोजच्या तक्रारींसाठी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. भांडण होण्यापूर्वीची ओळखच भांडणाच्या दिवशी उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

दहशतवादाचा प्रतिबंध हा गुप्तवार्ता आणि शस्त्रे यांचा विषय आहेच; ते काम शासनाने कठोरपणे केलेच पाहिजे. परंतु गल्लीत आलेला अनोळखी माणूस प्रथम दिसतो तो घरमालकाला, मेकॅनिकला, चहावाल्याला. त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटू लागली की वार्ता तेथेच थांबते. निरपराध माणूस कोठडीत असतो तेवढा वेळ अपराधी मोकळा असतो. मक्का मशिदीच्या खटल्यात पुढे तपासाची दिशाच बदलली आणि अखेर १६ एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाने पाचही आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केले. ऑगस्टच्या स्फोटांच्या खटल्यात सप्टेंबर २०१८ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. न्यायालयांचे निकाल यायला अकरा वर्षे लागली. तेवढी वर्षे या शहरातील माणसांना एकमेकांसोबत राहायचेच होते.

ऑगस्टनंतरच्या रविवारी मी चाचांच्या घरी गेलो. चौदा वर्षांच्या सहवासात प्रथमच. क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवून गेलो होतो, ते सुचेनात. आतल्या खोलीतून त्यांच्या वृद्ध आई बाहेर आल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, “कोणच्या गावचं म्हणायचं तुम्ही?” त्यांचे माहेर नळदुर्गाकडचे. माझ्या आजीचे माहेरही त्याच तुळजापूर तालुक्यातले! आजीच्या आठवणींत रझाकार होते. रात्रीतून घर सोडून सोलापूरला पळालेले तिचे भाऊ होते. या आईंच्या आठवणीत त्याच वर्षाचा पुढचा काळ होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्या भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हे पंडित सुंदरलाल समितीने पाहून लिहिले होते. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशितच राहिला. “मी नवी नवरी होते,” एवढे बोलून त्या थांबल्या. मी आजीचे सांगितले. एकीच्या दुःखाने दुसरीचे दुःख खोटे ठरत नव्हते. साठ वर्षे दोन घरांत वेगवेगळे सांगितले गेलेले ते एकाच तालुक्याचे दुःख त्या दिवशी प्रथमच एका खोलीत बोलले गेले.

आपण जुनी स्थायिक कुटुंबे. परक्या भाषेच्या गावात विश्वासावर राहणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. येथील किती घरांतले जुने खरेदीखत उर्दूत आहे! तो विश्वास आपल्याला वारशाने मिळाला, पण वारसा वापरात नसेल तर त्याचे कागद होतात. आपल्या मंडळांच्या सभागृहांत शेजारच्या वस्तीतील माणसे कधी येतात? आपण त्यांच्या घरी, सण नसताना, कधी जातो? माझी वाचकांना एवढीच विनंती आहे, की स्फोटाच्या रात्री ज्यांची मुले घरी आली का हे आपण विचारू, अशी दोन-चार घरे आपल्या समाजाबाहेर असावीत. आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत या, असे त्यांपैकी कोणी म्हणाले तर आपण पायांत चपला घालाव्यात.

चाचा आता नाहीत. पुतण्याचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. अजूनही घरी काही बिघडले की तोच येतो. त्या नऊ दिवसांविषयी मी त्याच्याशी कधी बोललो नाही. परवा तो पंखा दुरुस्त करून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. तेथे थांबून ते बोललो. त्याने ऐकून घेतले, थोडा वेळ काही म्हणाला नाही, मग म्हणाला, “चाचा बोले थे, साब एक दिन बोलेंगे.”