डुकराच्या पेशीचं दार

लग्नकार्यात कुणी “सध्या काय करतेस?” असं विचारलं की मी सरळ सांगते, डुकरांच्या विषाणूंवर काम करते. समोरच्या मावशींचं नाक लगेच मुरडतं. मग कुणाला तरी २००९ सालचं पुणं आठवतं. बंद शाळा, तोंडाला बांधलेले रुमाल, स्वाइन फ्लू. “जपून राहा गं बाई,” इथे विषय संपतो.

मला मात्र एका साध्या प्रश्नाने धरून ठेवलंय. विषाणू पेशीच्या आत जातो कसा? त्याला ना पाय, ना दात. आपण ‘विषाणूचा हल्ला’ म्हणतो खरं, पण बऱ्याचदा तो दार फोडतच नाही. पेशीच त्याला आत घेते.

पीआरआरएस हा रोग बघा. यात गाभण डुकरिणींचा गर्भ गळतो, पिल्लांना धाप लागते. त्याचा विषाणू फुप्फुसातल्या भक्षक पेशी गाठतो. या पेशी म्हणजे शरीराचे सफाई कामगार. जंतू, मेलेल्या पेशी, दिसेल ते गिळायचं हे त्यांचं काम. विषाणू पेशीला चिकटतो आणि ती नेहमीच्या सवयीने त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवीत आम्लता वाढते. तिथे सीडी १६३ नावाच्या प्रथिनाशी त्याची गाठ पडते, आणि त्याचा आरएनए पेशीत उतरतो. या प्रथिनाचं खरं काम फुटलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन उचलण्याचं. केर काढायच्या दारातूनच चोर आत आला.

हे दार ओळखायला वेळ लागला. आधी संशय होता सीडी १६९ या दुसऱ्या प्रथिनावर, कारण विषाणू त्यालाही चिकटतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या गटाने ते प्रथिन नसलेली डुकरं तयार केली, तरी त्यांना लागण झालीच. म्हणजे ती नुसती बेल होती. मग त्यांनी सीडी १६३ काढलं. डिसेंबर २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले : विषाणू देऊनही डुकरं ठणठणीत. एडिंबराच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये त्या प्रथिनाच्या नऊ भागांपैकी फक्त पाचवा काढून तेच साधलं. दार शाबूत राहिलं, चोराचा हात जिथे पोचायचा तेवढी कडी गेली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा डुकरांना मान्यता दिली.

मी काम करते आसाममध्ये. इथे २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. त्याचा विषाणूही भक्षक पेशींतच शिरतो. म्हणून सीडी १६३ नसलेल्या डुकरांवर तोही तपासून झाला. ती आजारी पडलीच. हा विषाणू आकाराने मोठा. कधी पेशी आजूबाजूच्या द्रवाचा घोट घेते त्याबरोबर तो आत जातो, कधी दुसऱ्या वाटेने. ज्यावर बोट ठेवावं असं एकच दार अजून सापडलेलं नाही. माणसाला हा रोग होत नाही, पण डुकरं पटापट मरतात. मग सरकारी नियमाप्रमाणे रोगाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारून पुरायची.

इथल्या कित्येक घरांत डूकर म्हणजे बायकांची बचत. मुलाची फी, औषधपाणी, सगळं त्यावर. अशाच एका अंगणात एक बाइदेउ, म्हणजे ताई, मला म्हणाल्या, “माझी तर सकाळी पोटभर जेवली होती. रोग आत आला कुठून?”

प्रयोगशाळेत मी हाच प्रश्न विचारते. तिथलं उत्तर त्यांच्या काही कामाचं नव्हतं. त्यांच्या अंगणाची दारं मात्र मला मोजून सांगता येत होती : हॉटेलातलं उरलेलं खरकटं, बाजारातून आणलेलं कच्चं मांस, व्यापाऱ्याचे बूट, त्याच्या गाडीची चाकं. मी सांगत गेले. खरकटं चांगलं उकळा, परक्या माणसाला गोठ्यात येऊ देऊ नका, बूट बाहेर ठेवा.

बाइदेउ रिकाम्या गोठ्याकडे बघत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “उकळायचं किती वेळ?”

“अर्धा तास तरी,” मी म्हणाले. त्यांनी आतून मुलीला हाक मारली आणि वही आणायला सांगितली.