कवडी आणि काच

आश्विन वद्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत गर्दी लोटते, तेव्हा अनोळखी माणसांना बोलतं करायला डोक्यावरची भगवी टोपी पुरते. कोण कुठला हे न विचारताच 'जय गुरुदेव' होतं आणि गप्पा सुरू होतात. मात्र ही सोय एका टोपीखाली आलेल्यांची. आठवडी बाजारात, एसटीच्या फलाटावर तसं समान चिन्ह नसतं. तिथे कुणीतरी एकट्यानेच थोडं वेगळं दिसायची तयारी दाखवावी लागते. ती गाडगेबाबांनी दाखवली. १८७६ साली मोझरीच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या या माणसाने १९०५ साली घर सोडलं आणि रंगीबेरंगी चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा असा वेष धारण केला. यातल्या चिंध्या गरिबीच्या म्हणता येतील. पण दोन कानांत दोन वेगळ्या वस्तू घालायला कुठली गरिबी सांगत नाही! ती निवड आहे, आणि तिच्यात खेळकरपणा आहे असं मला ठामपणे वाटतं. गावात परका माणूस शिरला की आधी संशय येतो. या वेषाने आधी कुतूहल जागं केलं. लोकांनी बाबांना नावही त्या गाडग्यावरूनच दिलं. परीटघडीच्या कपड्यातल्या बुवाला लांबून नमस्कार मिळाला असता. रस्ता झाडणाऱ्या या माणसाला लोक प्रश्न विचारू शकत होते.

यावर कुणी म्हणेल, संताचं सोडा, साध्या माणसाने केलं तर तो नखराच. मला तसं वाटत नाही. भारी शालू किंवा घड्याळ समोरच्याला त्याचा खिसा आठवायला लावतं. ठिगळाचं रंगीत जाकीट किंवा टोपीत खोवलेलं मोरपीस कुणालाही कमी लेखत नाही. वासुदेवाच्या मोरपिसांच्या टोपीने पहाटे दारात आलेला परका माणूस पिढ्यानपिढ्या हवासा केला. साधेपणाशीही याचं वैर नाही: ग्रामसेवा शिकवणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी होतीच. खरा आक्षेप वेगळा आहे. बाईने उठून दिसणारं काही घातलं की तिला टोमणे आणि रोखलेल्या नजरा झेलाव्या लागतात. म्हणून ही हौस कुणावर लादू नये. ज्यांना ती फुकट परवडते त्या पुरुषांनी सुरुवात करावी. पांढऱ्या सदऱ्यावर एखादा भडक रुमालही चालेल.